जुन्या बुलेटचे किती द्यायचे? कागदाचे द्या, लोखंडाचे द्या, गोष्टीचे देऊ नका

पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या घरात सध्या "जुनी बुलेट घ्यायची" हा विषय चालू आहे त्याने शेवटपर्यंत वाचावी. आणि ज्याच्या ओट्याशेजारी वडिलांची, आजोबांची गाडी ताडपत्रीखाली पडून आहे त्याने तर नक्कीच वाचावी.

तळवली, घणसोली, गोठिवली, रबाळे या आपल्या पट्ट्यात बुलेटची हौस आजची नाही. साडेबारा टक्क्यांचे पैसे आले तेव्हा अनेक घरांत पहिली मोठी खरेदी बुलेटचीच झाली. हळदीला बुलेट, वरातीला बुलेट, पालखीपुढे बुलेट. आता त्याच्या पुढची पायरी आली आहे. पोरांना नवी नको, "अँटिक" पाहिजे. उजव्या पायाचा गिअर पाहिजे, टाकीवर हाताने मारलेली सोनेरी रेघ पाहिजे, ठोका "असली" पाहिजे. मागणी वाढली तसे भाव सुटले. आज कोणीही उठतो आणि तीस वर्षांच्या गाडीला नव्या गाडीपेक्षा जास्त पैसे सांगतो. विचारलं का, तर म्हणतो, "दादूस, ब्रिटिश गाडी आहे."

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या गाडीत तीन गोष्टी विकल्या जातात: कागद, लोखंड आणि गोष्ट. पहिल्या दोन्हीचे पैसे मोजून द्या. तिसरीचा एक रुपया देऊ नका. आणि आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय. गोष्टीला लाख, लोखंडाकडे एक नजर, आणि कागद "नंतर बघू".

आधी "ब्रिटिश" या शब्दाचा हिशोब

रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडची, रेडिच गावची. बुलेट हे नाव १९३२ पासूनचं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या लष्कराला सीमेवर गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती, त्यासाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या गेल्या. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया कंपनी उभी राहिली. सुरुवातीला सुटे भाग इंग्लंडहून यायचे आणि इथे जोडले जायचे. १९६२ पर्यंत सगळी गाडी मद्रासलाच बनायला लागली. तिकडे रेडिचचा कारखाना १९६७ ला बंद झाला आणि १९७० पर्यंत इंग्लंडातलं उत्पादनच संपलं. पुढे १९७७ पासून मद्रासची बुलेट उलट इंग्लंडला जायला लागली.

हा इतिहास सांगायचं कारण पैशाचं आहे. कोणी तुम्हाला १९७२ ची किंवा १९८० ची गाडी दाखवून "रेडिचची आहे" म्हणत असेल, तर तो एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतो. त्या सालची भारतातली बुलेट मद्रासची. गाडी चांगली असू शकते, त्याबद्दल वाद नाही. पण रेडिचच्या नावाने वर लावलेला आकडा खोटा आहे. खरी रेडिचची गाडी आपल्याकडे फार कमी. ती कोणी खरंच विकत असेल तर तोंडी सांगणार नाही, चासी नंबर आणि जुनं आरसी पुस्तक पुढे ठेवेल.

गंमत बघा. ज्या ब्रिटिश नावांसाठी आपण वेडे होतो ती नावं आज बरीचशी भारतीयांच्याच हातात आहेत. रॉयल एनफिल्ड आयशरकडे, नॉर्टन २०२० पासून टीव्हीएसकडे, बीएसए महिंद्राच्या क्लासिक लेजंड्सकडे. ट्रायम्फ कंपनी अजून इंग्रजांची, पण तिची ४०० सीसीची गाडी आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. त्यामुळे "ब्रिटिश" म्हणून जास्त पैसे देण्याआधी नक्की कशाचे देतोय ते विचारा.

दुसरी गोष्ट, नव्या गाडीचा भाव बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी बुलेट ३५० स्वस्त झाली. शोरूमची, वॉरंटीची, एबीएस लावलेली, पंधरा वर्षांचं पासिंग असलेली गाडी पावणेदोन लाखांच्या आसपास मिळत असताना १९९५ च्या गाडीला दोन लाख का द्यायचे, याचं उत्तर विक्रेत्याने द्यायला हवं. तुम्ही नाही. उत्तर असू शकतं. गाडी खरंच दुर्मिळ असेल, पूर्ण मूळ रूपात असेल, कागद चोख असतील. पण उत्तर पाहिजे.

कागद आधी

गाडी बघायला जाताना मिस्त्रीला न्या, पण त्याच्या आधी मोबाईल उघडा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाका. गाडी कोणाच्या नावावर आहे, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे, बँकेचा बोजा आहे का, चलन थकलंय का, हे पाच मिनिटांत कळतं. गाडी तिथे दिसलीच नाही तर सावध व्हा. हाताने लिहिलेल्या आरसी पुस्तकांच्या काळातल्या सगळ्या गाड्यांची नोंद संगणकावर चढलेली नाही. अशा गाडीची आधी आरटीओत बॅकलॉग एंट्री करावी लागते. ते काम विक्रेत्याने करून द्यायचं. "तुम्ही करून घ्या, सोपं आहे" असं तो म्हणाला तर विचारा, सोपं आहे तर तू आतापर्यंत का नाही केलंस?

मग आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबरशी जुळवा. अक्षर न् अक्षर. नंबरच्या जागी ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा असतील, अंकांचा ठसा वाकडातिकडा असेल, नेमकं तिथेच जाड रंगाचा थर असेल, तर किंमत विचारूसुद्धा नका. घरी या. चोरीची गाडी स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

मालक हयात नसेल तर विकणाऱ्याची सही चालत नाही. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर आणायची, मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. स्टँप पेपरवर नोटरी करून गाडी तुमची होत नाही. ही आपल्याकडची सगळ्यात मोठी गैरसमजूत. गावात कितीतरी गाड्या तीन-तीन वेळा विकल्या गेल्यात आणि आरसीवर अजून पहिल्याच माणसाचं नाव आहे.

विकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, मग गाडी कितीही हातांतून गेलेली असो. म्हणजे तुम्ही पैसे घेऊन मोकळे झालात असं तुम्हाला वाटतं, आणि पाच वर्षांनी नुकसानभरपाईची नोटीस तुमच्या दारात येते.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळतेय म्हणून उड्या मारणाऱ्यांसाठी एक सूचना. तिकडे पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले म्हणून तिकडचे मालक मिळेल त्या भावाला विकतात. भाव कमी असण्याचं कारण ते आहे. त्या गाडीला तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, इथे नवीन नंबर घ्यावा लागतो, इथला कर भरावा लागतो. ते सगळं जोडून मग स्वस्त म्हणा. आणि उलट बाजूने, महाराष्ट्रात "पंधरा वर्षं झाली, गाडी संपली" असं सांगून कोणी तुमच्याकडून भंगाराच्या भावात गाडी मागत असेल तर त्यालाही भुलू नका. आपल्याकडे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी पासिंग वाढवून मिळतं.

मग लोखंड

गाडी बघायला सांगून जाऊ नका, किंवा सांगितलं तरी "इंजिन चालू करून ठेवू नकोस" म्हणून सांगा. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम असेल तर थंडीत न उठणारी गाडी तुमच्यासाठी उठवून ठेवलेली आहे. थंड इंजिनावर किक मारा. किक सावकाश दाबली तर मध्ये दम लागला पाहिजे. पाय सरळ खाली गेला तर कॉम्प्रेशन गेलंय. चालू झाल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. रिंग किंवा वॉल्व्ह गाइड, काहीतरी काम आहे. काळा धूर असेल तर कार्ब्युरेटरचं, ते स्वस्तात निघतं.

एक प्रश्न जरूर विचारा, "कितव्या बोअरवर आहे?" जुन्या लोखंडी बुलेटचा बोअर पुन्हा पुन्हा मारता येतो आणि प्रत्येक वेळी मोठा पिस्टन बसतो. शेवटच्या साइजवर असेल तर पुढच्या कामाला स्लीव्ह घालावी लागणार. हे उत्तर मालकाला माहीत नसेल तर त्याच्या मिस्त्रीला फोन लावायला सांगा.

नट-बोल्टची डोकी बघा. हे फार जणांना माहीत नाही. इंग्लिश बनावटीच्या जुन्या गाड्यांचे आटे मिलिमीटरच्या मापाचे नाहीत, इंग्लिश मापाचे आहेत. जुन्या बुलेटवरही ते सापडतात. त्याला साधा पाना लावला की डोकं गोल होतं. जिथे तिथे डोकी झिजलेली असतील तर ती गाडी न समजणाऱ्या हातांनी खोलली आहे, एवढं नक्की. आतही तसंच काम झालं असणार असं धरून चाला.

टाकीचं झाकण काढून टॉर्च मारा. आपण खाडीच्या काठावर राहतो, हवा दमट आणि खारी, त्यात चार महिने पाऊस. बाहेरून रंग चकचकीत आणि आत गंज, हे इथलं नेहमीचं. त्यात आता पंपावर ई-२० पेट्रोल आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाडीतले रबरी पाइप, वॉशर, कॉर्कचे गॅस्केट त्याच्यासाठी बनवलेलेच नाहीत. म्हणून टाकीची साफसफाई, नवे पाइप आणि कार्ब्युरेटरचा किट हा खर्च धरूनच चाला. गाडी बंद ठेवली असेल तर जास्तच.

ऑइलचे दोन थेंब खाली दिसले तर घाबरू नका, जुनी बुलेट थोडं टाकतेच. पण खाली पुठ्ठा ठेवून तो भिजत असेल तर ते "थोडं" नाही.

आणि फटाके फोडणारा सायलेन्सर. विक्रेता त्याचे वेगळे पैसे सांगतो. माझ्या हिशोबात तो उणे आहे. रस्त्यावर दंड, पासिंगला अडचण, आणि मूळचा सायलेन्सर परत विकत आणायचा खर्च. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ स्पष्ट केला, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. "मॉडिफाय केलीय, दीड लाख खर्च केलाय" असं सांगणाऱ्याला नम्रपणे सांगा, तो खर्च तुझ्या हौसेचा, माझ्या माथी नको.

आता आकडा कसा काढायचा

खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत, बाजारभाव म्हणून घेऊ नका. पद्धत बघा.

समजा १९९८ ची ३५० बुलेट आहे. त्याच मॉडेलची, पळती, कागद पूर्ण असलेली, काहीही काम नसलेली गाडी दीड लाखाला जाते असं तुम्ही चार ठिकाणी विचारून पक्कं केलं. ही झाली वरची रेघ.

मिस्त्रीने बघून कागदावर लिहून दिलं: इंजिनाचं काम ३०,०००, टायर-बॅटरी-वायरिंग १२,०००, रंग आणि क्रोम १५,०००. एकूण ५७,०००.

आता सरकारी खर्च. वीस वर्षांपुढच्या मोटारसायकलच्या पासिंगची फी ऑगस्ट २०२५ पासून २,००० रुपये आहे. महाराष्ट्रात पर्यावरण कर २०१० मध्ये आला, तेव्हा पंधरा वर्षांपुढच्या दुचाकीला पाच वर्षांसाठी २,००० ठरला होता, तोच धरू. पासिंग संपून तीन वर्षं झाली असतील तर उशिराचे महिन्याला ३०० प्रमाणे १०,८००. थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दराने १,३६६, अधिक कर. नवी नंबर प्लेट जीएसटी धरून ५३१. बेरीज १६,६९७. बघा, यात सगळ्यात मोठा आकडा उशिराच्या दंडाचा आहे, आणि नेमका तोच विक्रेता सांगत नाही.

दीड लाखातून ५७,००० गेले, १६,६९७ गेले. उरले ७६,३०३. जुनी गाडी खोलल्यावर काहीतरी नवीन निघतंच, म्हणून कामाच्या रकमेवर पंधरा टक्के, म्हणजे ८,५५० अजून काढा. राहिले ६७,७५३. तुमची बोली ६५ ते ६८ हजार. विक्रेता दीड लाख म्हणत असेल तर तो दुसऱ्या गाडीचा भाव या गाडीला लावतोय. हाच कागद त्याच्यापुढे ठेवा. भांडण करायची गरज नाही. कागद बघून माणूस निम्मा खाली येतो, आणि नाही आला तर तुम्ही वाचलात.

टोकन देताना एक ओळ लिहून घ्या: "नावावर झाल्यावर उरलेले पैसे." या एका ओळीने जितके लोक वाचतात तितके कुठल्याही मिस्त्रीने वाचत नाहीत.

खरी ब्रिटिश गाडी समोर आली तर

बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, ट्रायम्फ. मुंबईत आणि आसपास अशा गाड्या अजून आहेत. त्यातल्या बऱ्याच दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या नमुन्यांच्या, जसं बीएसएची एम-२० किंवा नॉर्टनची १६-एच. युद्धासाठी एम-२० एक लाखाच्या वर बनल्या. म्हणजे गाडी जुनी आहे, पण जगात एकुलती एक नाही. इंटरनेटवर बीएसए गोल्ड स्टारचा परदेशातला भाव दाखवून कोणी तुम्हाला एम-२० विकत असेल तर हसून चहा प्या आणि निघा. टाकीवरचं नाव एकच असलं तरी गोल्ड स्टार शर्यतीची आणि एम-२० लष्करी निरोप्याची गाडी.

इथे कागदाचा हिशोबही वेगळा आहे. आरसीवर आयात गाडी म्हणून नोंद असेल तर वीस वर्षांपुढच्या आयात दुचाकीला पासिंगची फी २०,००० आहे, साध्या गाडीच्या दहा पट. ५०० सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमाही ३५० च्या दुप्पट, २०२२ च्या दराने २,८०४.

दुसरा रस्ता विंटेजचा. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २०,०००, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. नंबर व्हीए मालिकेचा, आणि आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. १९७० ची मद्रास बुलेटही यात बसते. पण अट नीट वाचा: ती गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. महापेच्या कंपनीत रोज कामाला जायला गाडी हवी असेल तर विंटेजच्या गाडीला विंटेजचा भाव देऊन तुम्ही काय मिळवणार?

सुट्या भागांचंही तेच. बुलेटचा भाग कुठल्याही बाजारात मिळतो. एम-२० चा भाग इंग्लंडहून मागवायचा, वर कस्टम ड्युटी, वर थांबणं. म्हणून बुलेटमध्ये तुटकं-मोडकं घेतलं तरी निभावतं. खऱ्या ब्रिटिश गाडीत मात्र भाग पूर्ण असणं हीच किंमत. मॅग्नेटो नाही, कार्ब्युरेटर दुसराच बसवलाय, स्पीडोमीटर गायब, अशी गाडी "फक्त थोडं काम आहे" नसते.

दुसरी बाजू: विकणाऱ्याचं घर

आतापर्यंत घेणाऱ्याची बाजू मांडली. पण मला जास्त टोचतं ते दुसरंच.

असं घर तुमच्याही आळीत असेल. माणूस गेला, गाडी राहिली. मुलं लहान किंवा बाहेरगावी. माउलीला फॉर्म ३१ माहीत नाही, आरसी पुस्तक कपाटात कुठे आहे ते माहीत नाही. एक दिवस दलाल येतो. "काकू, पासिंग संपलंय, दंड वाढतोय, सरकार आता जुन्या गाड्या उचलणार आहे." भीती घालतो आणि भंगाराच्या भावात गाडी नेतो. पुढे तीच गाडी रंग मारून, "सिंगल ओनर, आजोबांनी जपलेली" ही गोष्ट चिकटवून दीड-दोन लाखांना आपल्याच गावच्या पोराला विकली जाते. गोष्ट कोणाची? त्या माउलीच्या घरची. पैसे कोणाला? दलालाला. आणि आरसीवर नाव अजून गेलेल्या माणसाचंच.

म्हणून म्हणतो, हा विषय हौशी पोरांपुरता नाही. कागद अडकलेली गाडी घेणाऱ्याला महाग आणि विकणाऱ्याला स्वस्त पडते. मधला फरक दलाल खातो. कागद सोपे झाले तर दोन्ही घरं वाचतील.

त्यासाठी तीन मागण्या. आपल्या नगरसेवकांनी आणि आमदारांनी मनावर घेतल्या तर अवघड नाहीत.

एक, नवी मुंबई आरटीओने गावठाण भागात जुन्या दुचाकींसाठी ठराविक दिवशी शिबिर घ्यावं. वारसाची नोंद, बॅकलॉग एंट्री, पासिंगची तपासणी, सगळं एका मांडवात. आरोग्य शिबिराला मांडव पडतो, तसा याला पडू द्या.

दोन, पासिंगच्या उशिराचा दंड निदान वारसाच्या प्रकरणात एकदा माफ व्हावा. नियम केंद्राचा आहे हे मला माहीत आहे, म्हणून राज्याने केंद्राकडे तसं लिहावं. मालमत्ता कर थकवणाऱ्यांसाठी महापालिका अभय योजना आणते. मग नवरा गेल्यावर कागद करायचे राहिले, त्या बाईला अभय का नको? सरकारचाही यात फायदाच आहे. आज ज्या गाड्या विमा नसताना, पासिंग नसताना गल्लीबोळातून फिरतात त्या नोंदीत येतील.

तीन, कुठल्या कामाला किती फी, याचा मराठी फलक आरटीओच्या दारात, मोठ्या अक्षरात. एजंट काय सांगतो आणि पावती काय येते, यातला फरक लोकांना दिसू दे.

"हौसेला मोल नसतं" म्हणणाऱ्यांना

काही जण म्हणतील, सगळंच पैशात मोजायचं का? वडिलांच्या मागे बसून शाळेत गेलो त्या गाडीसारखी गाडी मिळत असेल तर दहा-वीस हजार जास्त गेले तर काय बिघडलं?

काहीच बिघडत नाही. पण ते पैसे वेगळे लिहा. कागदावर वरचा हिशोब करा, खाली एक रेघ मारा, आणि त्याखाली लिहा: "माझ्या हौसेचे, इतके." आकडा घरात सगळ्यांना दाखवा. बायकोला, आईला, ज्याच्याकडून उसने घेणार त्या भावाला. सगळ्यांसमोर जो आकडा लिहायला लाज वाटत नाही तेवढीच तुमची हौस. मात्र विक्रेत्याच्या आठवणींचे पैसे तुम्ही देऊ नका. त्याच्या आजोबांनी गाडी जपली असेल तर ते इंजिनात दिसेल, कागदात दिसेल. तिथे दिसत नसेल तर फक्त बोलण्यात आहे.

आणि सोनं गहाण ठेवून, पतपेढीचं कर्ज काढून जुनी गाडी कोणीही घेऊ नका. जुन्या गाडीत एकदा पैसे घालून भागत नाही, ती दर पावसाळ्यानंतर मागते. ज्याच्याकडे गाडी घेतल्यावर हातात तिच्या किमतीच्या पाव भाग तरी उरत नाही, त्याने सरळ नवी घ्यावी किंवा थांबावं.

कमेंटमध्ये दोन गोष्टी लिहा. घ्यायची असेल तर साल, मॉडेल, आरसीची स्थिती आणि सांगितलेला भाव. नंबर प्लेट आणि मालकाचं नाव टाकू नका. ज्यांना गाड्यांतलं कळतं त्यांनी तिथेच उत्तर द्यावं, म्हणजे दहा जणांच्या उपयोगी पडेल. आणि कोणाच्या घरी वारसाच्या कागदात अडकलेली गाडी असेल तर तेवढंच लिहा, "आमच्याकडे एक आहे." किती घरं आहेत ते एकदा मोजू. शिबिर मागायला जाताना आकडा हातात असलेला बरा.